मराठी साहित्यातील चहा

चहा हे पेय मराठी लेखनात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ठळकपणे आढळते. आत्मचरित्र, कादंबरी, व्यक्तिचित्र, कविता, दलित आत्मकथन आणि बोलीभाषेतील म्हणी अशा निरनिराळ्या प्रकारांत चहाचे उल्लेख आहेत. चीन व जपान येथील साहित्यात चहा प्रामुख्याने एकांत, चिंतन आणि सौंदर्यास्वाद यांच्याशी जोडला गेला, तर इंग्रजी साहित्यात तो घरगुती शिष्टाचाराचा भाग बनला. मराठीत मात्र आरंभापासून त्याच्याभोवती एक सामाजिक प्रश्न उभा राहिला. चहा कोणाच्या हातचा घ्यावा, कोणाच्या शेजारी बसून प्यावा आणि कोणत्या कपातून प्यावा, हा तो प्रश्न होय. पुण्यात १८९० मध्ये घडलेल्या पंचहौद मिशन प्रकरणापासून १९८४ मध्ये प्रकाशित झालेल्या 'अक्करमाशी' या आत्मकथनापर्यंत तो वेगवेगळ्या रूपांत मांडला गेला आहे.

कोकणाचा या विषयाशी विशेष संबंध आहे. श्री. ना. पेंडसे व पु. ल. देशपांडे यांच्या कोकणविषयक लेखनात चहाचे दुकान हे महत्त्वाचे कथास्थळ आहे. तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील, महाड येथे चहाचे एक दुकान अस्पृश्यताविरोधी चळवळीच्या पूर्वतयारीशी जोडले गेले. याच जिल्ह्यातील पेण आणि रोहा हे तालुके भात व पोह्यांसाठी ओळखले जातात. चहा आणि पोहे ही जोडी मराठी कथानकांतील वधूपरीक्षेच्या प्रसंगाचे चिन्ह बनली आहे.

शब्द आणि प्रसार

मराठीतील 'चहा' आणि हिंदीतील 'चाय' या दोन्ही शब्दांचे मूळ चिनी 'चा' या शब्दात आहे. इंग्रजी 'टी' हा शब्द चीनच्या फूजियान किनाऱ्यावरील बोलीतील 'ते' या उच्चारावरून आला. चहावरील सर्वांत जुना प्रसिद्ध ग्रंथ 'चा चिंग' हा आठव्या शतकात लू यू या चिनी लेखकाने रचला. जपानी लेखक ओकाकुरा काकुझो यांचे 'द बुक ऑफ टी' हे इंग्रजी पुस्तक १९०६ मध्ये प्रसिद्ध झाले.

भारतात आसाममध्ये चहाची व्यापारी लागवड १८३० च्या दशकात सुरू झाली. दीर्घकाळ हा चहा मुख्यतः निर्यातीसाठी पिकवला जात होता. मळ्यांतील मजुरांच्या जीवनावर मुल्कराज आनंद यांनी 'टू लीव्हज अँड अ बड' (१९३७) ही इंग्रजी कादंबरी लिहिली. १९०३ च्या कायद्याने चहावर उपकर बसवण्यात आला आणि त्याच्या उत्पन्नातून चहाचा प्रचार होऊ लागला. १९३० च्या दशकात देशातील शहरांत व गावांत हा प्रचार वाढला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यंत्रावर तयार होणारी स्वस्त दाणेदार चहापूड सर्वत्र पोहोचली आणि चहा हे सर्व थरांतील घरांचे रोजचे पेय झाले.

या प्रसाराला विरोधही होता. महात्मा गांधी यांनी १९४२ मध्ये पुण्यातील आगाखान पॅलेस येथे स्थानबद्ध असताना लिहिलेल्या आरोग्यविषयक पुस्तकात उकळलेल्या चहातील टॅनिन आरोग्यास अपायकारक असल्याचे मत मांडले. धार्मिक आक्षेप याहून जुना होता. पाण्यात शिजवलेले अन्न आणि पाणी कोणाच्या हातचे घ्यावे याविषयी जातिव्यवस्थेचे कठोर निर्बंध होते. चहा पाण्यात उकळूनच तयार होत असल्याने तो घेणे म्हणजे देणाऱ्याच्या हातचे पाणी पिणे ठरे.

पंचहौद मिशन चहा प्रकरण

१४ ऑक्टोबर १८९० रोजी पुण्यातील पंचहौद मिशन या ख्रिस्ती संस्थेत शहरातील प्रतिष्ठित मंडळींना निमंत्रण होते. त्यांत न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि बाळ गंगाधर टिळक यांचा समावेश होता. कार्यक्रमानंतर पाहुण्यांपुढे चहा व बिस्किटे ठेवण्यात आली. काहींनी चहा घेतला, तर काहींनी कप केवळ हातात घेऊन बाजूला ठेवला. या घटनेमागे गोपाळराव जोशी यांचा पुढाकार होता. ते भारतातील आरंभीच्या स्त्री डॉक्टरांपैकी एक असलेल्या आनंदीबाई जोशी यांचे पती होत. सुधारणेच्या गोष्टी बोलणारे प्रत्यक्षात किती सुधारक आहेत हे उघड करण्याची त्यांना हौस होती. उपस्थितांची नावे 'पुणे वैभव' या वृत्तपत्रात छापून आली आणि शहरात खळबळ उडाली.

सनातनी पक्षाने प्रकरण शंकराचार्यांपुढे नेले. चहा घेतलेल्यांवर ग्रामण्य, म्हणजे सामाजिक बहिष्कार, घालण्यात आला. बहिष्कृतांच्या घरी धार्मिक कृत्यांसाठी भिक्षुक मिळणे आणि नातेवाइकांनी पंगतीला बसणे कठीण झाले. चौकशीसाठी शास्त्र्यांचे मंडळ नेमले गेले. त्यापुढे टिळकांनी आपली बाजू धर्मशास्त्राच्या आधारे मांडली आणि आपण काशीत प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानडे यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले. सुधारकांच्या अग्रणीने माघार घेतली, अशी टीका त्यांच्यावर झाली.

या प्रकरणाची नोंद मराठी चरित्रवाङ्मयात महत्त्वाची मानली जाते. रमाबाई रानडे यांनी 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०) या पुस्तकात या काळाचे वर्णन केले आहे. बहिष्कारामुळे अडचणीत आलेल्या मित्रांसाठी रानडे यांनी प्रायश्चित्ताचा निर्णय घेतला, असे त्यांच्या कथनातून दिसते. पतीचा निर्णय मान्य करतानाही त्यांच्या मनाला झालेला त्रास त्यांनी लपवलेला नाही. न. चिं. केळकर यांनी लिहिलेल्या टिळकांच्या तीन खंडांतील चरित्रातही हे प्रकरण आले आहे. सार्वजनिक वाद आणि घरातील ताण या दोन्ही बाजूंनी एका कपभर चहाचे परिणाम नोंदवले गेल्याने ही पुस्तके सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकांनाही उपयोगी ठरतात.

कोकणातील कथा-कादंबरी

श्री. ना. पेंडसे यांच्या 'गारंबीचा बापू' (१९५२) या कादंबरीची पार्श्वभूमी रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली परिसराची आहे. गावात चहाचे हॉटेल चालवणारी राधा आणि ब्राह्मण कुटुंबातील बंडखोर तरुण बापू यांच्या संबंधावर कथानक उभे आहे. राधेचे दुकान ही गावातील तरुणांची बसण्याची, बोलण्याची आणि वडीलधाऱ्यांच्या नजरेबाहेर वावरण्याची जागा आहे. जातीबाहेरच्या स्त्रीच्या दुकानात उघडपणे जाणे-येणे हेच बापूचे गावाला दिलेले पहिले आव्हान ठरते. पुढे तो व्यापारात जम बसवतो आणि ज्या गावाने त्याला दूर लोटले त्याच गावात मानाचे स्थान मिळवतो. या कादंबरीवर नाटक व चित्रपटही झाला.

पु. ल. देशपांडे यांच्या 'व्यक्ती आणि वल्ली' (१९६२) या संग्रहातील 'अंतू बर्वा' हे व्यक्तिचित्र रत्नागिरीतील आहे. त्यात दुधाचा अंश नसलेला चहा समोर येताच अंतू गावातील म्हशींच्या अवस्थेविषयी हॉटेलातील पोऱ्याला तिरकस प्रश्न विचारतो. या विनोदामागे कोकणातील परिस्थिती आहे. दुभती जनावरे थोडी आणि दूध महाग असल्याने या भागात कोरा चहा, म्हणजे दुधाशिवायचा चहा, सर्वसामान्य होता. अनेक घरांत साखरेऐवजी गूळ वापरला जात असे आणि परसात लावलेली गवती चहाची पात त्यात टाकली जाई. अंतूची तक्रार म्हणूनच केवळ चवीची नाही. गरिबीकडे पाहून हसणाऱ्या माणसाची ती भाषा आहे. व्यक्तिचित्राच्या उत्तरार्धात या हसण्यामागचे एकाकीपण उघड होते.

रायगड जिल्हा : महाड, पेण आणि रोहा

आजचा रायगड जिल्हा १ जानेवारी १९८१ पूर्वी कुलाबा जिल्हा म्हणून ओळखला जात असे. या जिल्ह्यातील महाड येथे १९ व २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. २० मार्च रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या अनुयायांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. परिषदेच्या आयोजनात पुढाकार घेणारे रा. बा. मोरे (१९०३–१९७२) हे महाड परिसरातीलच होते. पुढे ते कम्युनिस्ट चळवळीत गेले. त्यांच्या आठवणींत महाडमधील चहाच्या एका दुकानाचा उल्लेख आहे. बाजारासाठी आसपासच्या गावांतून येणाऱ्या अस्पृश्यांना शहरात पिण्यास पाणी मिळत नसे. त्यांच्यासाठी सुरू झालेल्या या दुकानात चहाबरोबर पाणी व बसायला जागा मिळू लागली. दुकान हळूहळू बातम्यांची देवाणघेवाण करण्याचे आणि संघटनेचे ठिकाण बनले. मोरे यांच्या आठवणींचा इंग्रजी अनुवाद २०२० मध्ये प्रकाशित झाला. चवदार तळ्याचा इतिहास पाण्याच्या हक्काचा म्हणून सांगितला जातो. मोरे यांच्या कथनातून त्याच्या आधीचा, चहाच्या दुकानातील टप्पा समोर येतो.

भोगावती नदीकाठचे पेण आणि कुंडलिका नदीकाठचे रोहा ही याच जिल्ह्यातील तालुक्यांची ठिकाणे आहेत. पेण गणेशमूर्तींच्या कारखान्यांसाठी विशेष प्रसिद्ध आहे. मुंबई–गोवा महामार्ग पेणवरून जातो. जवळचा वडखळ नाका हा कोकणात जाणाऱ्या प्रवाशांच्या चहा-नाश्त्याचा परिचित थांबा आहे. लोहमार्ग १९८६ मध्ये रोह्यापर्यंत पोहोचला आणि कोकण रेल्वेचा मार्ग रोह्यापासूनच सुरू होतो. हा संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी खुला झाला. मुंबईत नोकरी आणि गावी घर अशा दुहेरी जीवनाचे चित्रण करणाऱ्या कोकणी पार्श्वभूमीच्या लेखनात असे थांबे गाव जवळ आल्याची खूण म्हणून येतात. एरवी एकत्र न बसणारी माणसे प्रवासात एकाच दुकानासमोर उभी राहून चहा पितात, हेही या थांब्यांचे वैशिष्ट्य आहे.

भाताचे क्षेत्र आणि पोह्यांच्या गिरण्या यांमुळे पेण-रोहा परिसराचे नाव पोह्यांशी जोडले गेले. चहा-पोह्यांचा कार्यक्रम म्हणजे वधू पाहण्याचा कार्यक्रम, हा अर्थ मराठीत रूढ आहे. मुलीने ट्रे घेऊन बाहेर येणे, तिच्या हातच्या पोह्यांची व चहाची चव घेतली जाणे आणि त्याच वेळी तिचे रूप, चालणे, बोलणे तपासले जाणे, असा हा प्रसंग असतो. मराठी कथा, नाटक व चित्रपटांत तो विनोदासाठी वापरला गेला, तसाच मुलीच्या मनाविरुद्ध चाललेल्या परीक्षेकडे लक्ष वेधण्यासाठीही वापरला गेला. 'सनई चौघडे' (२००८) या चित्रपटात वधूपरीक्षेची ही पद्धत मध्यवर्ती आहे. पंचहौद प्रकरणात चहा घेणाऱ्याची परीक्षा झाली. येथे ती चहा देणारीची होते.

दलित आत्मकथने

ग्रामीण महाराष्ट्रातील चहाच्या दुकानांत अस्पृश्यांसाठी वेगळी कपबशी ठेवण्याची प्रथा होती. ही भांडी दुकानाबाहेर ठेवलेली असत. चहा पिणाऱ्याने ती स्वतः विसळून परत ठेवावी आणि दुकानदाराने वरून चहा ओतावा, अशी रीत असे. अस्पृश्यता पाळणे भारतीय संविधानाने १९५० मध्ये आणि त्यानंतर १९५५ च्या कायद्याने गुन्हा ठरवले, तरी ही प्रथा अनेक ठिकाणी टिकून राहिली. बाबा आढाव यांनी १९७० च्या दशकात चालवलेल्या 'एक गाव एक पाणवठा' या मोहिमेचा रोख अशाच विभक्त व्यवहारांवर होता.

दया पवार यांच्या 'बलुतं' (१९७८) या आत्मकथनानंतर मराठीत दलित आत्मकथनांचा प्रवाह विस्तारला. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी' (१९८४) मध्ये गावातील चहाच्या दुकानातील वेगळ्या कपबशीचा प्रसंग आहे. शाळेत शिकणारा निवेदक आणि त्याचा मित्र या प्रथेविरुद्ध पोलिसांकडे तक्रार करण्यास जातात. अस्पृश्यता हा गुन्हा आहे हे त्यांना शिक्षणामुळे ठाऊक झालेले असते. कायदा आणि गावाचा व्यवहार यांतील अंतर या प्रसंगात मुलांच्या अनुभवातून दिसते. रानडे आणि टिळक यांच्यापुढे चहा नाकारण्याचा पर्याय होता व त्यांचा वाद प्रायश्चित्ताने मिटवता आला. 'अक्करमाशी'तील मुलांना असा पर्याय नव्हता, कारण त्यांच्याबाबत दोष कृतीत नव्हे तर जन्मात मानला जात होता. या दृष्टीने दोन्ही प्रसंग शेजारी ठेवून वाचता येतात. लिंबाळे यांना पुढे 'सनातन' या कादंबरीसाठी सरस्वती सन्मान मिळाला.

शहर, हॉटेल आणि कामगार

शहरातील चहाची दुकाने जातीच्या बंधनांतून काही अंशी मोकळी होती. मुंबईतील इराणी हॉटेलांत संगमरवरी टेबलांभोवती गिरणी कामगार, कारकून, विद्यार्थी आणि लेखक बसत. पुण्यात 'अमृततुल्य' या नावाने ओळखली जाणारी दुकाने वेलची, आले घातलेल्या दाट चहासाठी प्रसिद्ध झाली. भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला' (१९६३) या कादंबरीत खानदेशातून पुण्यात शिकायला आलेला पांडुरंग सांगवीकर वसतिगृह, मेस आणि हॉटेले यांत वावरतो. मित्रांबरोबर चहा पीत घालवलेला वेळ, वाढणारी उधारी आणि निरर्थकतेची वाढती जाणीव यांचे चित्रण या कादंबरीत एकत्र येते.

हॉटेलाची दुसरी बाजू तेथे राबणाऱ्या मुलांची आहे. कवी नारायण सुर्वे यांनी बालपणी मुंबईत अनेक हलकी कामे केली. हॉटेलात कपबशा विसळण्याचे काम हे त्यांपैकी एक होते. 'ऐसा गा मी ब्रह्म' (१९६२) व 'माझे विद्यापीठ' (१९६६) या संग्रहांतील त्यांच्या कवितेत रस्ता, कारखाना आणि कामगारवस्ती हीच शिक्षणाची जागा म्हणून येते. चहा पिणाऱ्यांच्या गप्पा साहित्यात विपुल आहेत. चहा देणाऱ्याच्या आयुष्याला मराठी कवितेत स्थान मिळण्यात सुर्वे यांच्यासारख्या कवींचा वाटा आहे.

मराठी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत लिहिणारे अरुण कोलटकर यांच्या 'जेजुरी' (१९७६) या इंग्रजी संग्रहातील रेल्वे स्थानकावरील कवितेचा एक भाग चहाच्या टपरीवर आहे. तेथील पोऱ्या मौनव्रत घेतलेल्या शिष्यासारखा दिसतो आणि त्याचे भांडी विसळणे धार्मिक विधीसारखे वर्णिले आहे. यात्रेच्या ठिकाणचे विधी आणि टपरीवरचे काम यांना एकाच पातळीवर आणणारा हा उपरोध आहे. संग्रहाला १९७७ मध्ये राष्ट्रकुल कविता पुरस्कार मिळाला. मुंबईतील काळा घोडा परिसरातील वेसाइड इन या उपाहारगृहात कोलटकर नियमित बसत. त्या चौकातील माणसे 'काळा घोडा पोएम्स' (२००४) मध्ये आली आहेत.

चहाविक्रीचा व्यवसाय करत लेखन करणाऱ्यांत अमरावती जिल्ह्यातील लक्ष्मण राव यांचे नाव परिचित आहे. त्यांनी दिल्लीत पदपथावर चहा विकत हिंदीत कादंबऱ्या लिहिल्या आणि आपली पुस्तके टपरीवरच विक्रीस ठेवली. 'रामदास' ही त्यांची प्रसिद्ध कादंबरी आहे.

म्हणी, वाक्प्रचार आणि सार्वजनिक व्यवहार

चहावरून मराठीत अनेक शब्दप्रयोग रूढ झाले. 'चहापेक्षा किटली गरम' ही म्हण मुख्य व्यक्तीपेक्षा तिच्याभोवतीच्या माणसांचा तोरा अधिक असल्यास वापरतात. 'चहापाणी' या शब्दाचा मूळ अर्थ पाहुणचार असला, तरी किरकोळ लाच असाही अर्थ त्याला चिकटला आहे. क्षुल्लक कारणावरून उठलेल्या गदारोळाला 'पेल्यातील वादळ' म्हणतात. 'कटिंग' हा अर्ध्या कपासाठीचा मुंबईतील शब्द संवादप्रधान लेखनात सर्रास आढळतो. घरी आलेल्याला चहा न विचारणे हा अपमान, आणि विचारलेला चहा न घेणे हा रुसवा, असा संकेत कथा-नाटकांत कोणत्याही स्पष्टीकरणाशिवाय वापरला जातो.

महाराष्ट्र विधिमंडळाच्या अधिवेशनाच्या पूर्वसंध्येला मुख्यमंत्र्यांनी विरोधी पक्षांना चहापानासाठी बोलावण्याची प्रथा आहे. विरोधकांनी या चहापानावर बहिष्कार टाकणे ही वृत्तपत्रांतील नेहमीची बातमी असते. १८९० मध्ये चहा घेणाऱ्यांवर बहिष्कार पडला होता. आजच्या राजकीय मराठीत बहिष्कार चहावर टाकला जातो. एकत्र चहा घेणे म्हणजे संबंध मान्य करणे, हा अर्थ मात्र दोन्ही प्रयोगांत कायम आहे.